जहाज मुरगावला, देव कवळ्याला: क्रूझच्या एका दिवसात गोव्यात स्वतःची गाडी कशी ठरवावी

मुंबईहून सुटलेली क्रूझ गोव्याला लागते म्हणजे पणजीला लागते, असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते. सासूबाईंचा तर ठाम दावा होता. त्यांच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या आगबोटी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत थेट पणजीच्या धक्क्याला लागायच्या आणि उतरलं की चार पावलांवर बाजार. आताची मोठी जहाजं मांडवीत शिरत नाहीत. ती थांबतात मुरगाव बंदरात, वास्कोच्या पुढे, जमिनीच्या अगदी टोकाला. डेकवरून समोर खाडीपलीकडे दोना पावला दिसतं, हाकेच्या अंतरावर वाटतं. रस्त्याने पणजी गाठायला मात्र जवळजवळ पूर्ण वळसा घालून तीस-पस्तीस किलोमीटर जावं लागतं.

जहाजावरच्या सहली असतातच. त्या सोयीच्या असतात, पण माणशी पैसे घेतात, आणि चाळीस जणांच्या बसमध्ये शेवटचा माणूस टोपी विकत घेऊन येईपर्यंत उरलेले एकोणचाळीस उन्हात बसतात. शिवाय बहुतेक सहली किनारा, चर्च, खरेदी याच चाकोरीत फिरतात. गोव्यात ज्यांचं कुळदैवत आहे अशी आपल्याकडे हजारो घरं आहेत. त्यांना सात-आठ तास गोव्यात मिळत असताना देवळाच्या पायरीला हात लावून यावंसं वाटणार, आणि ते आपली गाडी केल्याशिवाय जमत नाही. आमचं कुळदैवत कवळ्याची शांतादुर्गा. आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा फजिती झाली, दुसऱ्यांदा नीट जमलं. खाली लिहिलंय ते या दोन्ही वेळांच्या हिशेबातून.

आधी घड्याळ मांडा, तेही उलटं

क्रूझच्या पत्रकात लिहिलेलं असतं: आगमन सकाळी ९, प्रस्थान संध्याकाळी ६.३०. वाचणारा म्हणतो, वा, साडेनऊ तास! हे साडेनऊ तास जहाजाचे असतात, तुमचे नसतात.

आपली वेळ शोधायची तर शेवटाकडून सुरुवात करायची. प्रस्थान ६.३० असेल, तर जहाजावर चढायची शेवटची वेळ त्याच्या तासभर आधी, म्हणजे ५.३०. ही वेळ केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकात छापलेली असते, उतरण्याच्या दारापाशी फलकावरही लावतात. महत्त्वाची वेळ ही. त्याच्या दीड तास आधी, ४ वाजता, आपण बंदराच्या गेटवर असायला हवं. दीड तास जास्त वाटेल. पण त्यात गेटवरची तपासणी, आतल्या बसची रांग, सामानाचं यंत्र आणि एखादं पंक्चर एवढं सगळं मावायचं असतं.

आता सकाळ. जहाज ९ ला धक्क्याला लागलं तरी दार लगेच उघडत नाही, कागदपत्रांचे सोपस्कार होतात. मग लिफ्टसमोर जत्रा, मग ओळख तपासणी, मग गेटपर्यंतची बस. जहाजाच्या सहलीवाल्यांना बऱ्याचदा आधी सोडतात. पाच जणांचं कुटुंब सव्वादहा-साडेदहाला गेटबाहेर आलं तर चांगलं जमलं म्हणायचं.

म्हणजे कागदावर साडेनऊ, हातात साडेपाच तास. या साडेपाच तासांत काय बसतं तेवढंच ठरवायचं. आम्ही पहिल्या खेपेला नऊ तास धरून यादी केली होती आणि त्यात बागा बीचसुद्धा होता.

(परदेशातल्या क्रूझला दोन गोष्टी वाढतात. जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ वेगळं असू शकतं. जहाज जी वेळ सांगेल ती पाळायची. त्यातून मोबाईल आपोआप वेळ बदलतो, म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. दुसरं, काही ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटींनी नेतात-आणतात. तिथे दोन्हीकडचा अर्धा-अर्धा तास आणखी वजा.)

मग नकाशा

जाहिरातीत लिहिलेलं शहर आणि जहाज थांबतं ते बंदर एक नसतं, ही पुष्कळ ठिकाणची गोष्ट आहे. ‘रोम’ लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं चिविटावेकियाला, तिथून रोम ट्रेनने तासाच्या आसपास. ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चाबांग, ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग. म्हणून तिकीट हातात पडल्याबरोबर बंदराचं नाव बघून ते नकाशावर शोधायचं. शहराचं नाव विसरून जा.

मुरगावपासूनची अंतरं ढोबळ मानाने अशी धरा. वास्को गाव ४ किलोमीटर. दाबोळी विमानतळ आणि बोगमाळो किनारा ८ ते १२. मडगाव तीसएक. पणजी तीस-पस्तीस. जुनं गोवं त्याहून थोडं पुढे. फोंडा चाळीसच्या आसपास, कवळे तिथून तीन-चार. कळंगुट-बागा पणजीच्याही पलीकडे, म्हणजे पन्नासच्या घरात आणि वाटेत गर्दी. पाळोळे तर दक्षिणेला दुसऱ्या टोकाला. दूधसागर या दिवसात विसराच.

एक गोष्ट आता पूर्वीपेक्षा खूप बरी झाली आहे. जुवारी नदीवरच्या जुन्या पुलावर गाड्या तासन्‌तास अडकून पडायच्या, पुलामुळे लोकांची विमानं चुकायची. नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, दुसरी वर्षभराने. आता तिथे आठ पदरी रस्ता आहे. तरी वास्कोत शिरताना विमानतळ, चिखली या भागात संध्याकाळी गाड्या खोळंबतातच.

एकच दिशा

उत्तर गोवा, दक्षिण गोवा, देवळं, चर्च, किनारा, बाजार, सगळं थोडं थोडं, असा मोह होतो. दिवस गाडीतच जातो. चार पर्याय सांगते, त्यातला एक निवडा.

ज्यांना फार हिंडायचं नाही, सोबत लहान मूल आहे, त्यांनी वास्कोच्या परिसरातच थांबावं. वास्कोतलं दामोदराचं देऊळ (श्रावणातला सप्ताह याच देवाचा), बोगमाळोचा छोटा किनारा आणि त्या वाटेवरचं नौदलाचं विमान संग्रहालय. मैदानात खरी जुनी विमानं उभी आहेत, मुलं हलत नाहीत तिथून. सोमवारी बंद असतं.

ज्यांना पणजी हवी, त्यांनी पणजीच करावी: फोंतेंयस भागातली रंगीत घरं आणि गल्ल्या, चर्चच्या पायऱ्या, मांडवीच्या काठाने चालणं, मासळीचं जेवण. याला दिवसभराची गाडी लागत नाही.

तिसरा पर्याय मडगावच्या बाजूचा, कोळवा किनारा किंवा चांदरची जुनी पोर्तुगीजकालीन घरं. मी केलेला नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

चौथा आमचा: फोंड्याची देवळं आणि जुनं गोवं, असा गोल. हा गोल मला फार आवडतो, त्याचं कारण रस्त्यातच आहे. बंदरातून निघालं की ज्या गावांच्या पाट्या दिसतात ती या देवांची मूळ गावं. मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी, जिथे जुवारीचा पूल सुरू होतो. शांतादुर्गा केळशीची. म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या भागातली देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी मूर्ती रातोरात नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेल्या. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. मंगेश १५६० मध्ये प्रियोळला, म्हणजे आज मंगेशी म्हणतात तिथे, गेला. म्हणजे टॅक्सीत बसून आपण देवांच्याच पळून जाण्याच्या वाटेने जात असतो, फक्त एसी लावून. हे सांगितल्यावर माझा भाचा पहिल्यांदा फोन खाली ठेवून खिडकीबाहेर बघायला लागला.

गाडीचे प्रकार, आणि कुणी काय घ्यावं

आधी एक गैरसमज दूर करू. मुंबई-पुण्याच्या सवयीने उतरल्यावर ओला-उबर उघडून उपयोग नाही, गोव्यात त्या चालत नाहीत. ‘गोवामाइल्स’ हे स्थानिक अ‍ॅप २०१८ पासून आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला चांगलं. भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही. पण टॅक्सी स्टँडच्या अगदी समोरून अ‍ॅपची गाडी पकडणं अवघड जाऊ शकतं, चालक थोडं पुढे यायला सांगतो. क्रूझच्या दिवशी एकाच वेळी शेकडो माणसं तेच करत असतात, तेव्हा सगळी मदार अ‍ॅपवर ठेवू नका. आदल्या दिवशी मात्र ते उघडून मुरगाव ते पणजी किती दाखवतंय ते बघून ठेवा. स्टँडवर बोलताना तो आकडा डोक्यात असलेला बरा.

बंदराच्या गेटबाहेर जहाज आलं की टॅक्सीवाले उभे असतातच. त्यांच्याकडे दरांचा फलक किंवा कार्ड असतं, ते मागून बघा. ‘अमुक ठिकाण एकेरी’ आणि ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असे दोन प्रकारचे दर सांगतात. आमचा फोंडा-जुनं गोवं गोल शंभरच्या वर जातो, म्हणजे वरच्या किलोमीटरचा दर आधी विचारायला हवा. गोव्यात एकेरी भाड्यात बहुतेकदा परतीचं रिकामं येणंही धरलेलं असतं, त्यामुळे दोन एकेरी भाडी मिळून दिवसभराच्या गाडीइतकी होतात.

सगळ्यात बरं म्हणजे आठवडाभर आधी फोनवर ठरवलेली गाडी. ओळखीतून नंबर मिळवा. देवस्थानांकडे भक्तनिवास असतात, तिथे विचारलं तर टॅक्सीवाल्यांचे नंबर मिळतात. आम्हाला तसाच मिळाला. गाडीची नंबर प्लेट पिवळी, त्यावर काळी अक्षरं, म्हणजे ती भाड्याने चालवायची परवानगी असलेली. पांढऱ्या प्लेटची ‘मित्राची गाडी’ कितीही स्वस्त मिळो, नको म्हणा. वाटेत अडवलं तर त्याचा दंड होतो आणि तुमचं जहाज जातं.

दोघंच असाल, तरुण असाल, पाठीवर एकच पिशवी असेल तर कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस उत्तम. वास्कोच्या बस स्टँडवरून पणजीला आणि मडगावला शटल बस सुटते. तिकीट खिडकीवर काढून रांगेत बसायचं. मध्ये थांबत नाही, तासाच्या आत-बाहेर पोचवते. पणजीहून जुन्या गोव्याला बस सारख्या असतात. गेटपासून वास्को स्टँडपर्यंत मोटरसायकल ‘पायलट’ घ्या. पिवळ्या मडगार्डची दुचाकी, मागे एक माणूस, हा गोव्यातला रीतसर परवाना असलेला धंदा आहे. फक्त शटलच्या रांगेचा भरवसा नसतो, म्हणून बसने फिरणाऱ्यांनी पणजी अडीच वाजताच सोडावी.

भाड्याची स्कूटर या एका दिवसासाठी मी सुचवणार नाही. भाड्याने द्यायच्या गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी असतात हे माहीत असू द्या. पण अनामत, कागद, गाडीचे फोटो, पेट्रोल आणि शेवटी तिथेच परत नेऊन देणं यात तास-दीड तास जातो. चार दिवस राहायला आलात तर जरूर घ्या. ट्रेन वास्कोहून सुटते, पण दिवसात मोजक्याच. जहाजाच्या वेळेशी जुळणं म्हणजे लॉटरी.

फोनवर काय बोलायचं

पहिल्या फेरीतली आमची चूक इथेच झाली. सकाळी गेटवर एका टॅक्सीवाल्याला जुन्या गोव्यापर्यंत एकेरी ठरवलं. परतीला काय, मिळेल की तिथून कुणीतरी! मिळालं नाही. दुपारी तीन वाजता तिथल्या बासिलिका चर्चसमोर जो तो म्हणत होता, वास्को नको, तिथून भाडं मिळत नाही. एकजण तयार झाला, तो सकाळच्या पावणेदोन पट मागत होता आणि त्याला चहा प्यायचा होता. त्याने शांतपणे चहा घेतला. सासूबाई जपमाळ ओढत होत्या, नवरा मिनिटं मोजत होता. आम्ही जहाजावर चढलो तेव्हा दारावरच्या मुलीने यादीत खूण करून हुश्श केलं, इतकी कमी माणसं उरली होती.

तेव्हापासून एकच नियम: परतीची गाडी हातात असल्याशिवाय जाण्याच्या गाडीत बसायचं नाही. तीच गाडी, तोच चालक, गेट ते गेट.

दुसऱ्या वेळचा फोन साधारण असा झाला.

“दादा, मुरगाव बंदराचं गेट, साडेदहा वाजता. आम्ही पाच जण, दोन वयस्कर.”

“क्रूझचे मगो? खंय वचपाचें?”

“आधी कवळे, मग मंगेशी, मग जुनं गोवं, आणि चार वाजता परत गेटवर.”

“बोरीवरून घेतो मग. फोंड्यात जेवण?”

“मंगेशीपाशी जेवू, वेळ कमी आहे. सगळं धरून किती?”

त्याने आकडा सांगितला. मी विचारलं, यात पार्किंग, तुमचं जेवण, थांबायचे पैसे, वरचे किलोमीटर, सगळं आलं? तेव्हा कळलं की पार्किंग नव्हतं आलेलं. कळलं ते बरं. शंभर-दोनशेची गोष्ट, पण देवळाच्या दारात त्यावरून तोंड वाजवायला नको. थोडं इकडेतिकडे होऊन ३,२०० ला ठरलं. “जायत,” म्हणाला. गोव्यात एकदा “जायत” म्हटलं की झालं.

फोन ठेवल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर हे पाठवायचं, आणि त्याचं ‘ओके’ येईपर्यंत ठरलं असं समजायचं नाही:

“तारीख ___, जहाज ___. सकाळी १०.३० मुरगाव बंदर गेट. ५ माणसं, सामान नाही, एसी गाडी. बोरी–कवळे–मंगेशी–जुनं गोवं–मुरगाव बंदर गेट, दुपारी ४ ला परत. पार्किंग, थांबणं, जादा किलोमीटर, जेवण सगळं धरून रु. ___. पैसे शेवटी. जहाज उशिरा लागलं तर सकाळी कळवते. गाडीचा नंबर आदल्या दिवशी पाठवा.”

“पैसे शेवटी” हे महत्त्वाचं. थोडी आगाऊ रक्कम मागितली तर द्यायला हरकत नाही, निम्म्याहून जास्त मात्र नको. आणि “जहाज उशिरा लागलं तर” हे वाक्यही टाकाच. हवामानामुळे जहाज कधी कधी थांबतच नाही, ते बंदर गाळून पुढे जातं. अशा वेळी गाडी रद्द झाली तर काय, हे आधी विचारून ठेवा. आमचा चालक म्हणाला, सकाळी आठच्या आत सांगितलंत तर काही नको.

टॅक्सी तुमच्यासाठी धक्क्यापर्यंत येणार नाही. बंदराच्या आत बाहेरच्या गाडीला पास लागतो, सुरक्षा कडक असते. भेट गेटबाहेरच ठरवा, आणि गेटबाहेर म्हणजे नक्की कुठे तेही. आमचा चालक एका चहाच्या टपरीपाशी उभा होता, आम्ही त्याला गेटच्या दुसऱ्या अंगाला शोधत होतो. दहा मिनिटं गेली.

आदल्या रात्रीची पिशवी

क्रूझचं कार्ड, आधार किंवा पासपोर्टसारखं मूळ ओळखपत्र (झेरॉक्स नव्हे), फोनची पॉवर बँक, थोडी सुटी रोकड. रोजच्या पत्रकाचा फोटो काढून ठेवा, त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दिवसाच्याच नव्हे, दुसऱ्या दिवसाच्याही गोळ्या बरोबर घ्याव्यात. का ते शेवटी सांगते. देवळांत तोकडे कपडे चालत नाहीत, त्यामुळे बर्म्युडावाल्या जावयासाठी एक लुंगी पिशवीत टाका.

समुद्रावर मोबाईलला नेटवर्क नसतं. किनारा जवळ आला की मेसेज धडाधड पडतात, तेव्हा आधी चालकाचा मेसेज बघायचा, घरच्या ग्रुपवरचे सुप्रभात नंतर.

प्रत्यक्ष दिवस

नाश्त्याच्या रांगेत अडकू नका. जहाजावरचा नाश्ता म्हणजे लग्नाची पंगत, माणूस तासभर उठत नाही. आदल्या रात्रीचं केळं आणि बिस्किटं खाऊन दाराजवळ जाऊन बसा. धक्क्यावर उतरलं की बस. मुरगाव हे लोखंडाच्या खनिजाचं आणि कोळशाचं बंदर आहे, बसच्या काचेतून त्याच्या राशी आणि धूळ दिसते. पांढरे कपडे घातलेल्यांनी काचा बंद ठेवाव्यात.

लांबचं ठिकाण आधी, जवळचं शेवटी. दिवस कापायची वेळ आली तर शेवटचं टोक कापता येतं, आणि ते जहाजाच्या वाटेवरचंच असतं. म्हणून आम्ही गोल असा घेतला:

१०.३० ला निघून बोरीच्या पुलावरून फोंडा, तिथून कवळे. पावणेबाराच्या सुमाराला पोचतो. शांतादुर्गेचं देऊळ डोंगराच्या पायथ्याशी आहे, आताची इमारत अठराव्या शतकातली, शाहू महाराजांच्या काळातली. समोर तळी आणि दीपमाळ. ओटी भरायची असेल तर साहित्य दारातच मिळतं. चाळीस मिनिटं पुरतात, पण ज्येष्ठ मंडळी बसली की उठत नाहीत. आईंना उठवायचं काम मी नवऱ्यावर सोपवलं होतं.

साडेबाराला कवळे सोडायचं. मंगेशीच्या आधी म्हार्दोळला म्हाळसेचं देऊळ लागतं. तिथली माणसाहून उंच पितळी समई बघण्यासारखी आहे, आणि हंगाम असेल तर दारात जायांच्या वेण्या. वेळ मागे पडली असेल तर हे गाळा, वेणी तेवढी चालत्या गाडीतून घ्या. मंगेशीला सात मजली दीपस्तंभ, मोठी तळी. मंगेशकर हे आडनाव या गावावरून आलं हे चालक हमखास सांगतो. मान डोलवा, त्याला बरं वाटतं. जवळच शाकाहारी थाळी खाऊन घ्यायची. थाळीच, मेनू कार्ड नको. मेनू कार्डाने अर्धा तास जातो.

पावणेदोनला निघून बाणस्तारीच्या पुलावरून जुनं गोवं, अर्धा तास. बासिलिका ऑफ बॉम जीझस १६०५ मध्ये पूर्ण झालं. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव इथे आहे. समोर से कॅथेड्रल. या सगळ्या वास्तू १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून जुनं गोवं दुपारी ठेवण्याचा आणखी एक फायदा. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. दोन चर्च बघायला पाऊण तास.

तीन वाजता, काहीही झालं तरी, गाडीत. जुन्या गोव्याहून पणजीत न शिरता आगशीच्या बाजूने पुलावर येता येतं. चालकाला तो रस्ता माहीत असतो, त्याला सुचवायचं काम नाही. फक्त एक सांगायचं: वाटेत काजूच्या दुकानात थांबायचं नाही. थांबायचंच असेल तर वास्कोत, गेटच्या पाच मिनिटं अलीकडे. तिथे काय ते घ्या.

उशीर झालाच तर

जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. पत्रकावर चढायच्या वेळेजवळ ‘स्वतंत्रपणे जाणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी स्वतःची’ असं छापलेलं असतं, आणि ते खरं असतं.

उशीर होतोय असं वाटताक्षणी पत्रकावरच्या एजंटच्या नंबरवर फोन करा. केबिन नंबर, किती जण, कुठे आहात, किती वेळात पोचाल, एवढंच सांगा. कारण कुणी विचारत नाही. पंधरा-वीस मिनिटांचा प्रश्न असेल तर कधी कधी सांभाळून घेतात, पण त्यावर विसंबू नये.

आणि गेलंच जहाज, तर निदान गोव्यात तरी आभाळ कोसळत नाही. परदेशात अशा वेळी पुढच्या बंदराचं विमान, व्हिसा, पासपोर्ट जहाजाच्या तिजोरीत, असं प्रकरण होतं; तिथे पासपोर्ट नेहमी अंगावरच ठेवावा. गोव्यात टॅक्सी सरळ मडगावला वळवायची. कोकणकन्या संध्याकाळी सुटते आणि सकाळी मुंबईत. ती चुकली किंवा जागा नाही मिळाली तर रात्रभराच्या खासगी बस आहेत. जहाज मुंबईला पोचलं की केबिनमधल्या बॅगा धक्क्यावर जाऊन घ्यायच्या. दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या पिशवीत ठेवायला सांगितलं ते यासाठी. आणि चार्जरही.

वेळेत पोचलात तर गेटवर पुन्हा तपासणी, बस, पुन्हा सामानाचं यंत्र. इथे एका गोष्टीवरून दर वेळी कुणाचा तरी चेहरा पडतो. फेणीची बाटली घेऊन आलात तर ती जहाजावर तुमच्या हातात राहत नाही; नाव लिहून जमा करून घेतात आणि बहुधा मुंबईला उतरताना परत देतात. पावती जपून ठेवा. काजूंना मात्र कुणी हात लावत नाही.